मूव्हिंग पिक्चर्स एवढा डोक्यावर का घेतात? आणि वाय वाय झेड मोजायचं कसं?

कमाटीबागेतली

नमस्कार मंडळी. मी तबला शिकलेय, लहानपणापासून, आणि कॉलेजात आल्यावर ड्रमसेट सुरू केला, फतेहगंजात क्लासला जाते. तर झालंय असं की आमच्या मामांचा एक ग्रुप आहे, सगळे साठीच्या आसपासचे, दांडिया बाजारातले जुने मित्र. जमले की सेवउसळ मागवतात आणि रश या कॅनेडियन बँडचा मूव्हिंग पिक्चर्स अल्बम लावतात. दुसरं काही नाही, तोच. बरं नुसतं ऐकत नाहीत, पुढ्यात ड्रम असल्यासारखे चौघांचेही हात चालतात, एकाच वेळी, एकाच जागी. मामी आता अल्बम सुरू व्हायच्या आधीच टीपॉयवरच्या कपबशा उचलून नेते.

मी पण ऐकला पूर्ण. वाईट अजिबात नाही, त्यातलं टॉम सॉयर गाणं तर भारीच आहे. पण १९८१ चा अल्बम आहे हो, आणि आज यूट्यूबवर माझ्या वयाची पोरं याच्या दुप्पट वेगानं वाजवतात मग अजून ड्रमवाले रशच्या ड्रमरचं, नील पीर्टचंच नाव का घेतात? नॉस्टॅल्जिया आहे का हा? मामांना विचारलं तर "तुला नाही कळायचं, अजून ऐक" एवढंच उत्तर.

दुसरं म्हणजे त्यातल्याच वाय वाय झेड या गाण्याची सुरुवात मला मोजता येत नाहीये. कधी दहा येतात कधी अकरा. क्लासचे सर म्हणाले मोजू नको, फील कर. फील काय कर! तबल्यावर वाढलेल्या माणसाला मात्रा लागतात. कोणी नीट सांगेल का.

---

धाधिंनाना

मोजता येतं गं, आणि तुला तर पटकन येईल.

वाय वाय झेड हा टोरांटोच्या पिअरसन विमानतळाचा कोड. तिथलं रेडिओ बीकन स्वतःची ओळख मोर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांत, सारखी पाठवत राहतं, म्हणजे पायलटला कळतं की आपण बरोबर स्टेशन लावलंय. गिटारवाला अ‍ॅलेक्स लाइफसन स्वतः विमान चालवतो. तर ते विमानात कानावर पडलं आणि त्यातून हे गाणं निघालं. सुरुवातीला ती बारीक घंटी वाजते ना, ती वाजवत नाहीये काही, ती अक्षरं पाठवतेय.

आता वाय म्हणजे लांब-आखूड-लांब-लांब. झेड म्हणजे लांब-लांब-आखूड-आखूड. लांबाला दोन धर, आखूडाला एक. आणि म्हण:

धाऽ ति धाऽ धाऽ
धाऽ ति धाऽ धाऽ
धाऽ धाऽ ति ति

सात, सात, सहा. वीस झाले. दुगुनीत धरलंस तर बरोब्बर दहा मात्रा, झपतालाचं एक आवर्तन. पण हातानं झपतालाची टाळी देत बसलीस की घोळ, कारण झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन आणि हे पडतं साडेतीन-साडेतीन-तीन. म्हणजे दुसरा वाय उठतो तोच मुळी मात्रेच्या मधोमध. तू तो उठाव पुढच्या मात्रेची सुरुवात समजून मोजत असणार, तिथं एक मात्रा जास्त येते आणि तुझे अकरा होतात. आधी टाळी न देता नुसती पढंत कर, बोल तोंडानं म्हण. तोंडात बसलं की मग पायानं हायहॅटवर (सेटमधली झांजांची जोडी) सरळ दहा धर आणि वरून हे बोल म्हण. आडी लय, म्हणजे सरळ मात्रांना आडवी जाणारी, ज्यानं कानानं ऐकलीय त्याला यात काही नवीन नाही, आणि आपल्या बडोद्यात तर तबल्याच्या सक्सेना सरांमुळे अजराडा घराण्याचे कायदे किती जणांनी घोटलेत.

नॉस्टॅल्जियाचं म्हणशील तर थोडा आहेच, नाकारत नाही. आमच्या वेळी ही कॅसेट परदेशातून कोणाचा तरी पाहुणा आणायचा आणि मग तिची कॉपी, कॉपीची कॉपी, असं करत आमच्यापर्यंत यायची तेव्हा सिंबल वाजतायत का कोणी चिवडा खातंय ते कळायचं नाही. तरी ऐकायचो. पण खरं कारण ते नाही. पीर्ट आयत्या वेळी सुचेल ते वाजवणारा नव्हता. त्याचे फिल, म्हणजे ठेक्याच्या मधल्या जागा भरणारे तुकडे, बांधलेले. कुठून सुरू होणार, किती टॉमवरून (सेटमधले लहानमोठे ड्रम) फिरणार, कुठं येऊन पडणार, सगळं ठरलेलं, आणि स्टेजवरही वर्षानुवर्षं जवळपास तेच. म्हणजे ती गत झाली, तबल्यातली बांधून ठेवलेली रचना. गत आपण बदलतो का? उलट गुरूकडून आली तशीच्या तशी हातात ठेवतो, आणि समोर बसलेला जाणकार मनात ती आधीच म्हणत असतो. तुझे मामा आणि त्यांचे दोस्त तेच करतायत. त्यांना हात कुठं जाणार ते ठाऊक आहे, म्हणून चौघांचे एकदम जातात.

---

जिन्याखालचा_बोनम

चला, आला पीर्टचा सप्ताह 😄

काकांचं मोजणं मान्य, मस्त सांगितलंय. पण "बांधलेले फिल" हाच तर माझा प्रॉब्लेम आहे. मला ऐकताना सतत कोणीतरी गणिताचा पेपर सोडवतंय असं वाटतं, शंभरपैकी शंभर, पण बाबा जरा घाम येऊ दे की. १९७१ चं लेड झेपलिनचं व्हेन द लेव्ही ब्रेक्स घ्या. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात जिन्याच्या खाली मोकळ्या जागेत जॉन बोनमचा सेट ठेवला, दोन माइक वरच्या मजल्यावरून लटकवले, थोडा इको, बास. ठेका इतका साधा की पहिल्या वर्षाचा पोरगा वाजवेल. पण त्याच्यासारखा कोणी वाजवून दाखवा. १९८६ मध्ये बीस्टी बॉइजनी पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्याला तो उचलून लावला, त्यानंतर किती जणांनी उचलला असेल देव जाणे. पीर्टचा कोणता ठेका असा उचलला जातो सांगा? ऐकणाऱ्याची मान हलली पाहिजे, हिशोब नाही.

आणि ताई तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, वेगात आजची पोरं केव्हाच पुढे गेलीत.

---

साउंडवाला_रावपुरा

वेगाचं तेवढं बोलू नका राव.

मी नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवतो, ऑक्टोपॅड आणि थोडा सेट, आणि रात्र रात्र गरब्याचा हींच ठेका वाजवून मनगटाचं काय होतं ते मला विचारा. टॉम सॉयरचा वेग कितीसा आहे? मेट्रोनोम लावून बघा, अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. ऐकायला आरामात. पण हायहॅटवर तो एका मात्रेला चार मारतोय आणि तेही एकाच हातानं, म्हणजे मिनिटाला साडेतीनशेच्या वर फटके एका उजव्या हाताचे, आणि ते एका मापाचे नाहीत, मधले मधले किंचित दाबलेले आहेत, म्हणून तो ठेका पळत नाही, डुलतो. दोन हातांनी आलटून पालटून वाजवलं की आवाज सपाट होतो, लगेच कळतं. यूट्यूबवरच्या दुप्पट वेगवाल्यांपैकी कितीजण एका हातानं पूर्ण साडेचार मिनिटं नेतात ते बघा एकदा. माझा हात पहिल्या सोलोपर्यंत जातो मग दगड होतो.

बोनमदादा, तुमच्या जिन्याला माझा पूर्ण मान, तो आवाज मलापण हवाय. पण तिथं खोली वाजतेय, आणि इथं उलट आहे. मूव्हिंग पिक्चर्स रेकॉर्ड केला क्वेबेकमध्ये, मॉरिन हाइट्सला ले स्टुडिओ म्हणून होता, मॉन्ट्रियलच्या वर डोंगरात, तळ्याकाठी. १९८० चा शरद, टेरी ब्राउन बँडबरोबर प्रोड्यूसर. तिघेच माणसं बँडमध्ये, त्यात गेडी ली बास वाजवणार, गाणार आणि वर कीबोर्ड पण, म्हणजे मधे भरपूर जागा रिकामी राहते आणि ती ड्रमनी भरायची. म्हणून एकेक टॉम वेगळा ऐकू यायला पाहिजे. हेडफोन लावा आणि टॉम सॉयरचा अडीच मिनिटांनंतरचा भाग ऐका, गिटारचा सोलो संपता संपता. वरच्या टॉमपासून खालच्यापर्यंत प्रत्येकाचा सूर वेगळा लागतो. मिक्स करणाऱ्यानं जरा जरी चिखल केला असता तर मामांच्या ग्रुपला हात कुठं न्यायचा ते कळलंच नसतं. आमच्या गरब्याच्या साउंडवर दोन डबे लागोपाठ वेगळे ऐकवून दाखवा, मी नोकरी सोडतो.

अजून एक, याच अल्बममधल्या विच हंटच्या सुरुवातीला जमावाचा गोंगाट आहे ना, ते बँडवाले आणि स्टुडिओतली माणसंच आहेत, बाहेर थंडीत उभं राहून आरडाओरडा करत रेकॉर्ड केलेला. तो स्टुडिओ नंतर बंद पडला, २०१७ मध्ये जळाला. फोटो बघवत नाहीत.

---

मांडवी_ते_मिसिसागा

माहेर बडोदा, मांडवीजवळ. आता कॅनडात राहते, आणि तो विमानतळ आमच्याच गावात आहे, टोरांटोचा म्हणतात पण जमीन मिसिसागाची! बॅगेला वाय वाय झेडचा टॅग लागला की नवरा बोटांनी ट्रॉलीच्या दांड्यावर ते वाजवायला लागतो, मागे लाइन लागलेली असली तरी.

मला तालातलं एवढं कळत नाही, पण नॉस्टॅल्जियाबद्दल सांगते. जून २०१५ मध्ये इथं त्यांचा शो होता, पीर्टबरोबरचा शेवटचा दौरा ठरला तो. मी नवऱ्याच्या हट्टानं गेले. आमच्या पुढच्या रांगेत एक आजोबा म्हणण्यासारखे गृहस्थ आणि शेजारी शाळेतला मुलगा, नातूच असणार. टॉम सॉयर सुरू झालं आणि त्या मधल्या जागेला दोघांचे हात वर. आणि मग मी मान वळवून बघितलं तर सगळं सभागृहच तसं. हजारो माणसं हवेत वाजवतायत आणि कोणाचा एक हात इकडेतिकडे नाही. त्या शाळकरी मुलाला कसला आलाय नॉस्टॅल्जिया? तो तर तेव्हा जन्मलाही नव्हता.

ब्राझीलचा व्हिडिओ बघ जमलं तर. २००२ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर वाजवलं होतं त्यांनी. वाय वाय झेडला शब्दच नाहीत, नुसतं वादन, तरी लोक उड्या मारत ती धून गातायत. मला गरब्याची आठवण झाली खरं सांगते.

आणि बोनमवाले दादा, घाम नाही म्हणता, त्या पीर्टची १९९७ मध्ये मुलगी गेली अपघातात, वर्षाच्या आत बायको गेली. सगळं सोडून मोटरसायकल घेऊन निघाला, हजारो मैल एकटा भटकला, ड्रमला हात लावत नव्हता. परत येऊन बसला तेव्हाच तो रिओचा दौरा. २०२० च्या जानेवारीत गेला तो, मेंदूच्या कॅन्सरनं. इथं रेडिओवर दिवसभर हीच गाणी.

---

जिन्याखालचा_बोनम

ताई माणूस म्हणून मी काही बोललोच नाही, मोठा माणूस होता. वादनाबद्दल बोलत होतो.

आणि हे मी नाही, त्याला स्वतःलाच वाटलं होतं हे पण सांगतो. नव्वदीत बडी रिच या जॅझ ड्रमरच्या नावानं त्यानं एक अल्बम केला, मोठमोठ्या ड्रमरना बोलावून. त्यात एकाचं वाजवणं इतकं मोकळं झालेलं बघितलं की विचारलं कुठं शिकलास, तर उत्तर आलं फ्रेडी ग्रुबर, ड्रम शिकवणारे गुरू. मग हा गेला ग्रुबरकडे. चाळीशी ओलांडलेली, जगभर नाव झालेलं, आणि काठी धरण्यापासून सगळं परत सुरू केलं. डाव्या हाताची पकड बदलली, सेटची मांडणी बदलली, कारण काय तर आपलं वाजवणं ताठ झालंय. बघा! मी म्हणतो तेच.

---

धाधिंनाना

बोनमराव, ही गोष्ट तुम्ही विरोधात सांगताय की बाजूनं 😀

जगानं नंबर एक म्हटल्यावर गंडा बांधायला कोण जातो? आमच्याकडे दोन कार्यक्रम झाले की लोक स्वतःच्या नावापुढे उस्ताद लावतात. आणि ग्रुबरकडे जाऊन आल्यावर त्यानं मूव्हिंग पिक्चर्समधले फिल टाकून दिले का? नाही. तेच वाजवले, हात फक्त सैल झाला. त्या फिलमध्ये दम नसता तर त्यानंच मोडून नवीन बांधले असते, त्याला काय कमी होतं.

ठेका उचलण्याचं, सॅम्पलचं म्हणता ते मात्र शंभर टक्के खरं. रशचा ठेका उचलून खाली वेगळं गाणं नाही लावता येत, कारण तो त्या गाण्याच्या शब्दा-सुराला शिवलेला असतो. याच अल्बममधलं लाइमलाइट ऐका. सातात चाललंय, मधेच सहा, मग तीनचं वजन, आणि एकदाही दचका बसत नाही, बाजूला बसून गुणगुणणाऱ्याला तर पत्ताही लागत नाही. शब्दही पीर्टचेच, त्यामुळे कुठं श्वास घ्यायचा ते त्याला माहीत. (टॉम सॉयरचे शब्द दोघांचे आहेत, पाय डुबॉय म्हणून कवी होता त्याच्याबरोबर.) तुम्हाला हिशोब ऐकू येतो, मला हिशोब लपवलेला ऐकू येतो. यावर आपलं जमणार नाही, सोडा.

आणि कमाटीबागेतली, टॉम सॉयरचा मधला भाग सातचा आहे, रूपक ताल समजून बसू नकोस. रूपकात समेला, पहिल्याच मात्रेला, खाली, इथं पहिल्या मात्रेवरच वजन.

---

कमाटीबागेतली

बसलं!! वाय वाय झेड बसलं. काका तुमचे बोल म्हणत म्हणत स्कूटरवरून येत होते, सुरसागरच्या सिग्नलला बाजूच्या बाईंनी वळून बघितलं. दुसरा वाय अर्ध्यावर उठतो हे कळल्यावर सगळंच सरळ झालं, आता ऐकताना मला तो उठाव दिसतोच. सरांना बोल लिहून दाखवले, ते म्हणाले बघ मी म्हटलं होतं ना फील कर 🙄

एका हातानं हायहॅट करून बघितलं. साउंडवाले दादा, दगड होतो म्हणालात ते कमीच आहे. आणि ते मधले दाबलेले फटके मला आधी ऐकूच आले नव्हते. आता ऐकल्यावर वेगाचं मी बोलले ते मागं घेत नाही पण प्रश्न तो नव्हताच असं वाटायला लागलंय. वेगवान पोरांचं वाजवणं मला आवडतं अजूनही. फक्त त्यातलं एकही मला गुणगुणता येत नाही आणि टॉम सॉयरचा तो उतरता फिल काल भाजी चिरताना तोंडात होता.

पण बोनमदादांचं मला थोडं पटतं. त्यातलं द कॅमेरा आय अकरा मिनिटांचं आहे आणि मला मधे कंटाळा आला. मामांना सांगितलं तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता.

एक विचारायचंय. २०२६ च्या दौऱ्यासाठी रशनं अनिका नायलेस या जर्मन ड्रमर बाईंना घेतलंय ना, तुम्हा लोकांना ते कसं वाटतं? मामांच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतात पीर्टच्या जागी कोणी नको, बंद करा. मला तर इतका आनंद झाला.

---

साउंडवाला_रावपुरा

मला आवडलं. गिटारवाल्या जेफ बेकबरोबर वाजवलंय तिनं, हात एकदम मोकळा आहे. आता तिची पंचाईत बघा. फिल जसेच्या तसे वाजवले तर म्हणणार नक्कल केली, बदलले तर वीस हजार माणसांचे हात हवेत एकीकडे आणि ही दुसरीकडे.

---

मांडवी_ते_मिसिसागा

आमच्याकडे तिकिटं निघाली तेव्हा नवरा सकाळपासून दोन लॅपटॉप उघडून बसला होता. तटबिट काही नाही, आधी नको नको म्हणणारेच रांगेत पुढे असतात.

---

धाधिंनाना

गत शिष्यानं वाजवायचीच असते, नाहीतर कशाला बांधली. मामांना म्हणावं काकांनी सांगितलंय. हुबेहूब वाजवून मग एखाद्या जागी स्वतःचं काहीतरी घातलं तर मी तरी टाळी देईन.

द कॅमेरा आयचं माझंही तुझ्यासारखंच आहे पण हे तुझ्या मामांना सांगू नकोस, मी बहुतेक त्यांना ओळखतो.

---

जिन्याखालचा_बोनम

हरलो असं समजू नका कोणी. पण त्यातलं रेड बार्केटा मला आवडतं, ते आधीही आवडायचं. त्यात गाडी वेग घेते तिथं ड्रम पण पुढे झुकतात, ते मोजून होत नाही.

ताई, तुमच्या घरी ड्रमसेट आहे का क्लासवरच? आमच्या अलकापुरीतल्या गॅरेजमध्ये एक जुना सेट पडलाय, लोखंडी जिना पण आहे बाजूला, माइक वरून टांगता येतो. साउंडवाले दादांनी दोन माइक आणले तर एकदा टॉम सॉयर जिन्याच्या आवाजात करून बघू. फक्त दुपारी दोन ते चार नको, वरचे आजोबा झोपतात.

---

साउंडवाला_रावपुरा

माइक आहेत. स्टँड तुमचे. नवरात्र होईपर्यंत मात्र माझं नाव घेऊ नका.